‘राणी बदलली म्हणे’ : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी प्रश्नांचा गठ्ठा उघडला तर निम्मे प्रश्न इंग्लंडच्या राजघराण्यावर निघाले. आधी मला नवलच वाटलं, तुरीला फुलं धरायचे दिवस, डोक्यावर कर्जाचे हप्ते, त्यात ही विंडसरची राजकुमारी कुठून आली? पण एकेक पत्र वाचत गेलो तसं लक्षात आलं की हे चकाट्या पिटणाऱ्यांचे प्रश्न नाहीत, घराघरात यावरून वाद झालेत, आणि काही पत्रांत तर राजकुमारी फक्त पहिल्या ओळीत आहे, पुढं सगळं आपल्याच गावातलं. म्हणून यावेळचा पूर्ण कॉलम यालाच दिलाय. पीकविम्याचे प्रश्न पुढच्या अंकात नक्की घेतो.

प्रश्न : माझी आत्या बचत गटाच्या ग्रुपची ॲडमिन आहे. तिथं एक रील आली, की इंग्लंडची राजकुमारी केट खरी नाहीच, खरी केव्हाच गेली आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी बाई लोकांसमोर फिरवतात. मी नाही म्हटलं तर आत्या म्हणते, “तुले काय मालूम, थे मोठे लोकं सारं लपवते.” हे सुरू कुठून झालं ते पहिल्यापासून सांगाल का?
— एक विद्यार्थिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : बेटा, आत्याशी भांडू नको, आधी तारखा ऐक, कारण या सगळ्या प्रकरणात तारखाच कोणी सांगत नाही.

केट म्हणजे युवराज विल्यमची बायको, प्रिन्सेस ऑफ वेल्स. २०२३ च्या नाताळाला ती सँडरिंगहॅमला चर्चमध्ये जाताना सगळ्यांना दिसली. मग १७ जानेवारी २०२४ ला राजवाड्यानं सांगितलं की तिच्या पोटाचं ऑपरेशन झालंय, ते आधीच ठरलेलं होतं, १० ते १४ दिवस दवाखान्यात राहील आणि ईस्टर होईपर्यंत कार्यक्रमांना येईल असं वाटत नाही. ईस्टर त्या वर्षी ३१ मार्चला होता. हेही सांगितलं होतं की सांगण्यासारखं काही महत्त्वाचं असेल तेव्हाच कळवू. म्हणजे ती बाई गायब झाली नव्हती, सांगून रजेवर गेली होती. एवढी एक ओळ जरी त्या रीलच्या वर लिहिलेली असती ना, तरी आत्या थांबून विचार करती.

नेमकं त्याच दिवशी राजा चार्ल्सच्या प्रोस्टेटच्या उपचाराचीही बातमी आली आणि ५ फेब्रुवारीला कळलं की राजाला कॅन्सर आहे. एकाच घरात दोन दुखणेकरी. राजाच्या दुखण्याचं नाव सांगितलं, सुनेच्या दुखण्याचं सांगितलं नाही. २७ फेब्रुवारीला विल्यमच्या गॉडफादरची, म्हणजे ग्रीसचे जुने राजे कॉन्स्टंटाइन यांची श्रद्धांजली सभा होती, तिथं विल्यम येणार होता आणि ऐनवेळी ‘खासगी कारण’ सांगून आला नाही. बस, तिथून जे पेटलं ते पेटलंच. घटस्फोट झाला, कोमात आहे, गेलीच, असं काय काय. सगळ्या इथं लिहीत नाही कारण लिहिल्या की त्या परत चालायला लागतात, आणि त्यातल्या काही इतक्या घाण होत्या की एखाद्या आजारी बाईबद्दल असं बोलायला माणसाची जीभ कशी रेटते हेच मला समजत नाही.

मला यात जे दिसतं ते असं की वावर पडीत राहिलं की गाजरगवत कोणी पेरावं लागत नाही. लोकांना एक नाव माहीत, एक चेहरा माहीत, आणि मधले दोन महिने कोरे. त्या कोऱ्या जागेत ज्यानं आधी काही टाकलं त्याचं उगवलं.

पुढची गोष्ट आत्याला मुद्दाम सांग. ४ मार्चला केटचा आईसोबत गाडीत बसलेला फोटो आला, तर लोक म्हणाले ही ती नाहीच. १८ मार्चला विंडसरजवळच्या एका दुकानातून नवऱ्यासोबत सामान घेऊन निघाल्याचा व्हिडिओ आला, तर म्हणाले ही डुप्लिकेट. तिच्यासारखी दिसते म्हणून कार्यक्रम करणारी एक बाई इंग्लंडात आहे, तिला स्वतःला सांगावं लागलं की ती मी नव्हे. २२ मार्चला केट स्वतः बागेतल्या बाकावर बसून बोलली, की जानेवारीच्या ऑपरेशनच्या वेळी कॅन्सर नाही असंच वाटलं होतं, नंतरच्या तपासण्यांत निघाला, प्रतिबंध म्हणून केमो सुरू आहे, आणि तिन्ही मुलांना त्यांना समजेल असं सांगायला वेळ लागला. मुलं तेव्हा १०, ८ आणि ५ वर्षांची. तर काही लोक म्हणाले हा व्हिडिओ कॉम्प्युटरवर बनवलाय! आता सांग, आणखी काय दाखवायला पाहिजे होतं तिनं? तुझ्या आत्याची रील याच शेवटच्या टप्प्यातली आहे, तिथं पुरावा दिला की पुरावाच खोटा ठरतो.

प्रश्न : पण फोटो तर खरंच बनावट निघाला होता ना? राजवाड्यानं स्वतः दिलेला. मग बाकीच्या गोष्टींवर संशय घेतला तर लोकांचं काय चुकलं? विस्तवाशिवाय धूर निघत नाही असं आपले जुने लोक म्हणतात.
— पानठेला चालवणारा वाचक, हिंगणघाटजवळ, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी राजवाड्याची बाजू घेणार नाही. चूक झाली आणि मोठी झाली.

१० मार्च २०२४, तिकडचा मदर्स डे. राजवाड्यानं केट आणि तिच्या तीन मुलांचा फोटो टाकला, विल्यमनं काढलेला. ऑपरेशननंतरचा राजवाड्यानं दिलेला पहिला फोटो. लोकांनी तो मोठा करकरून बघितला आणि मधल्या मुलीच्या, शार्लटच्या, बाहीजवळ जुळणी चुकलेली दिसली, कडा तुटलेली. त्याच दिवशी एपी, रॉयटर्स, एएफपी, गेटी या मोठ्या वृत्तसंस्थांनी तो फोटो मागं घेतला, म्हणजे आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं की हा वापरू नका. दुसऱ्या दिवशी केटच्या नावानं माफी आली, की हौशी फोटोग्राफर करतात तसं मीही कधीकधी एडिटिंग करून बघते, गोंधळ झाला त्याबद्दल माफ करा. मूळ फोटो काही दाखवला नाही. एएफपीच्या मोठ्या संपादकानं तर उघड सांगितलं की केन्सिंग्टन पॅलेस, म्हणजे विल्यम-केटचा राजवाडा, आता आमच्यासाठी भरवशाचा स्रोत राहिला नाही. एवढी पत गेली.

आता तुमच्या धुराकडे येतो. विस्तव होता, पण कशाचा? एक आजारी बाई, लेकरांचा फोटो, सगळ्यांचे चेहरे एकाच वेळी नीट आले नसतील म्हणून कोणीतरी जोडाजोड केली असावी. आपल्याकडं लग्नाचा अल्बम बनवणारा फोटोग्राफर हेच करतो, मामाचे मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून आणून लावतो, आणि त्या अल्बमवरून लग्नच झालं नाही असं कोणी म्हणत नाही. पण वृत्तसंस्थेला दिलेला फोटो आणि घरचा अल्बम यात फरक आहे, तो राजवाड्याला कळायला पाहिजे होता, कळला नाही.

महाभारतात ‘नरो वा कुंजरो वा’ आहे ना, अश्वत्थामा मेला हे खरंच होतं, पण तो हत्ती होता. अफवेतही नेमका असाच एक खरा तुकडा असतो. फोटो एडिट केला होता, हे खरं. त्या खऱ्या तुकड्याच्या पाठीवर बसून ‘बाई मेली’ हे आलं. आपण पहिला तुकडा तपासतो, तो खरा निघतो, आणि मग मागचं न तपासताच आत घेतो. तुमच्या ठेल्यावर पुढच्या वेळी ही चर्चा निघाली तर एवढंच विचारा, की फोटो खोटा होता हे दाखवणारे कोण होते? रीलवाले नव्हते हो एकटे, या मोठ्या वृत्तसंस्थाच होत्या, आणि त्यांनी दाखवलं ते बाहीपुरतं. बाई मेल्याचं त्यांच्यातल्या एकानंही म्हटलं नाही.

प्रश्न : मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. माझं मत असं की हे सगळं मोबाईलनं आणलं. आमच्या वेळी कोतवाल दवंडी द्यायचा आणि लोक ती ऐकायचे, एवढंच होतं.
— निवृत्त शिक्षक, सिंदखेड राजा, जि. बुलडाणा

उत्तर : गुरुजी, जिजाऊंच्या गावातून पत्र आलं म्हणून आधी नमस्कार. तुमच्यासमोर इतिहास बोलायचं धाडस करतो, चुकलं तर कान धरा.

पानिपत आठवा. १४ जानेवारी १७६१. सदाशिवरावभाऊ गर्दीत शिरले ते परत आले नाहीत. उत्तरेकडं निघालेल्या नानासाहेबांना खबर मिळाली ती सावकारी पत्रातून, मोती गळाल्याच्या आणि मोहरा हरवल्याच्या सांकेतिक भाषेत. लोकांनी मात्र भाऊंचा देह डोळ्यानं बघितला नव्हता, कोण म्हणे ओळख पटली, कोण म्हणे नाही पटली. पार्वतीबाईंनी तर शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही, १७८३ साली गेल्या तोवर नवरा परत येईल म्हणून वाट बघत राहिल्या. मग त्या कोऱ्या जागेत काय उगवलं ते तुम्ही मुलांना शिकवलंच असेल, तोतया. सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण, मीच भाऊ म्हणून उभा राहिला आणि पकडून कैदेत टाकला तरी लोकांच्या मनातून गेला नाही. १७७६ साली रत्नागिरीहून सुटला तर कोकणातले बरेच किल्ले त्याच्या हाती आले आणि हजारो माणसं मागं लागली. पानिपताला १५ वर्षं झाली होती गुरुजी! शेवटी पकडून त्याच वर्षी पुण्यात देहदंड दिला.

मला या दोन गोष्टी एकमेकीशेजारी ठेवल्या की अंगावर काटा येतो. तिथं खोट्या माणसाला लोक म्हणत होते हाच खरा, इथं खऱ्या बाईला म्हणतात ही खोटी. पण मुळाशी एकच, राजघराण्यातलं माणूस नजरेआड झालं, सांगणाऱ्यांनी अर्धवट सांगितलं आणि लोकांना त्या माणसाबद्दल माया होती. हो, माया. तोतयामागं गेलेले सगळे लबाड नव्हते, पुष्कळांना भाऊ परत यायला हवेच होते.

आणि ‘ध चा मा’? तो तर आपल्या भाषेतच बसलाय. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, रामशास्त्र्यांनी दोष ठेवला तो राघोबादादांवर, आणि गावोगाव गोष्ट सांगतात ती आनंदीबाईची, की तिनं ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं. कागदावरचं एक अक्षर खोडून माणूस मारला जातो ही गोष्टच इतकी घट्ट आहे की ती खरी का खोटी हे विचारायला कोणी थांबत नाही. खापर बाईच्या डोक्यावर फुटलं की गोष्ट जास्त चालते हेही त्यात आलं, आणि ते तेव्हाही होतं, आताही आहे.

दवंडीचं मात्र तुमचं म्हणणं मला पटलं, फक्त वेगळ्या कारणानं. कोतवाल डफडं वाजवत यायचा तेव्हा तो कोण, त्याला कोणी पाठवलं, खोटं निघालं तर कोणाच्या दारात जाऊन विचारायचं, हे अख्ख्या गावाला माहीत असायचं. फॉरवर्डला दारच नाही. मोबाईलनं अफवा आणली नाही, अफवेचा पत्ता खोडला.

प्रश्न : माझं इन्स्टाचं पेज आहे, सोळा हजार फॉलोअर. मी ‘खरी राजकुमारी कुठंय?’ अशी रील टाकली, ती माझ्या बाकी सगळ्या रील्सपेक्षा जास्त चालली. आता घरचे बोलतात. पण मी काही खोटं बोललोच नाही, फक्त प्रश्न विचारला, शेवटी प्रश्नचिन्ह आहे.
— एक तरुण, अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : तू खरं नाव लिहून, रीलची लिंक पाठवून विचारलंस, म्हणून तुझ्याशी सरळ बोलतो. तुला उत्तर हवं होतं का? हवं असतं तर १७ जानेवारीचं निवेदन दोन मिनिटांत सापडतं, २२ मार्चचा व्हिडिओ पूर्ण सापडतो. तुझ्या रीलमध्ये दोन्ही नाहीत. ज्या प्रश्नाचं उत्तर समोर पडलेलं असताना आपण तो विचारतो, त्याला लोक प्रश्न म्हणून ऐकत नाहीत, इशारा म्हणून ऐकतात. पारावर बसलेला माणूस “अमक्याची सून दिसत नाही बावा आजकाल?” असं म्हणतो तेव्हा त्यानं काहीच म्हटलेलं नसतं आणि सगळंच म्हटलेलं असतं. तुला हे माहीत आहे, आपण सगळे तिथंच वाढलो.

बरं, चालली का ते सांगतो, कारण हे तुला धंद्यासाठीही कळायला पाहिजे. रील कोणाला दाखवायची हे ठरवणाऱ्या मशीनला खरं-खोटं कळत नाही, ती बघते की माणूस किती वेळ थांबला, कमेंट आल्या का, पुढं पाठवली का. “हे खोटं आहे, लाज वाटू द्या” अशी चिडून कमेंट केली तरी मशीनच्या हिशोबात ती कमेंटच. म्हणजे तुला शिव्या देणारे तुझी रील वर ढकलत होते. एक्सवर, म्हणजे आधीच्या ट्विटरवर, तर २०२३ पासून पैसे भरलेल्या अकाउंटला जाहिरातीतला वाटा मिळायला लागला, आणि सुरुवातीला तो खालच्या उत्तरांमध्ये दिसणाऱ्या जाहिरातींवर होता, म्हणजे जितकं भांडण तितके पैसे. अशा ठिकाणी ‘तब्येत बरी आहे, आराम करते’ हे कोण बघणार?

अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सायन्स या साप्ताहिकात एक अभ्यास छापला. ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या १,२६,००० च्या आसपास बातम्या घेतल्या, सुमारे ३० लाख लोकांनी पसरवलेल्या. खोटी बातमी पुढं पाठवली जायची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. आणि मला जे लागलं ते हे, की बनावट, मशीननं चालवलेली अकाउंट खरं आणि खोटं सारखंच पसरवत होती, फरक माणसांमुळं पडत होता. नवीन, चकित करणारं काही हाती आलं की आपल्याला राहवत नाही.

परके लोक याचा फायदा घेतात तो असा. मार्च २०२४ मध्ये कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी ४५ अकाउंट दाखवून दिली, रशियाशी जोडलेल्या एका जुन्या अपप्रचाराच्या जाळ्यातली, ती केटच्या नावानं फिरणाऱ्या गोष्टी उचलून आणखी लांब पोचवत होती. अफवा त्यांनी जन्माला घातली नव्हती, हे ध्यानात घे. लोकांनीच पेटवलेल्या आगीवर त्यांनी फक्त फुंकर मारली. तुझ्यासारख्या हजारो पोरांची ‘फक्त प्रश्न विचारला’ वाली रील ही त्यांची सरपणं.

नुसती रील डिलीट केली तर तिचे डाउनलोड केलेले तुकडे फिरतच राहतील. म्हणून ती खाली घे आणि त्याच पेजवर, त्याच आवाजात, दुसरी टाक, ‘मी असं टाकलं होतं, ते चूक होतं, तारखा या आहेत’. व्ह्यूज कमी येतील. तरी टाक. तुझी मराठी चांगली आहे, बोलतोस चांगला, अचलपूरच्या किल्ल्यावरची तुझी रील मी दोनदा बघितली.

प्रश्न : राजा गेल्याचा मेसेज मला एकाच आठवड्यात तीन ग्रुपवरून आला होता. अशा वेळी लगेच कसं ओळखायचं?
— बँकेत काम करणारी वाचक, मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : ताई, हा प्रकार जुना आहे. १८ मार्च २०२४ ला रशियातल्या काही माध्यमांनी राजा चार्ल्स गेल्याचं चालवलं, राजवाड्याच्या पत्रासारखा दिसणारा एक कागदही फिरला, शेवटी मॉस्कोतल्या ब्रिटिश दूतावासाला सांगावं लागलं की बातमी खोटी आहे. आणि प्रत्येक वेळी खोडसाळपणाच असतो असंही नाही, ३ जून २०१५ ला बीबीसीमध्ये एलिझाबेथ राणीच्या निधनाच्या बातमीची अंतर्गत रंगीत तालीम सुरू होती, त्यातून तिथल्याच एका पत्रकाराचं ट्वीट बाहेर गेलं, नंतर बीबीसीनं माफी मागितली.

खरं घडलं तेव्हा कसं घडलं ते बघा. ८ सप्टेंबर २०२२. दुपारी साडेबाराला राजवाड्यानं कळवलं की डॉक्टरांना राणीच्या तब्येतीची काळजी वाटते. मृत्यूच्या दाखल्यावर वेळ ३ वाजून १० मिनिटं. जाहीर केलं संध्याकाळी साडेसहाला, आपल्याकडं रात्रीचे ११. म्हणजे मधे तीन तास वीस मिनिटं होती आणि त्या वेळात ट्विटरवर अंदाजांचा महापूर. पण साडेसहा वाजले तेव्हा राजवाड्याची स्वतःची साइट, बीबीसी, दरवाजावर लावलेला कागद, सगळीकडं एकच मजकूर होता. राजा जातो तेव्हा ते तुमच्या तिसऱ्या ग्रुपवरून कळणार नाही, सगळीकडून एकदम कळेल. तोवर थांबायचं. व्हॉट्सअपवर मेसेजच्या डोक्यावर दोन बाण दिसले तर तो बऱ्याच हातांतून आलाय एवढं समजा, २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो तो त्यासाठीच. दोन बाण म्हणजे खोटं असं मात्र नाही.

प्रश्न : राजकुमारीचं मला काही पडलं नाही, पण तुम्ही यावर लिहिणार असं कळलं म्हणून लिहिते. माझी जाऊ दीड महिन्यापासून नागपूरला दवाखान्यात आहे. गर्भाशयाचं दुखणं आहे, कोणाला सांगू नका असं तिनंच म्हटलं. गावात आता असं चाललंय की ती पळून गेली, कोणी म्हणते एड्स आहे, कोणी म्हणते गेलीच आणि आम्ही जमिनीच्या कागदासाठी लपवतो. तिची पोरगी सातवीत आहे, शाळेतून रडत आली. आम्ही काय करावं? ग्रुपवर टाकायला काही मजकूर लिहून द्याल का?
— एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी उठून बाहेर गेलो आणि थोडा वेळ आंगणात उभा राहिलो. कारण सांगतो.

माझी माय अशीच नागपूरला भरती होती, मी तेव्हा कॉलेजात. गावात फोन दोनच. कोणीतरी दवाखान्यात बघायला आलं, खाट रिकामी दिसली, मायला तपासणीला खाली नेलं होतं, आणि तो माणूस तसाच एसटीत बसून परत गेला. संध्याकाळपर्यंत माय गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा मामा आला, रात्रभर प्रवास करून, डोळे लाल, आणि काखेत पिशवी. आत माय खाटेवर बसून वरणभात खात होती. मामा दारातच थांबला. मग पिशवी हळूच खाटेच्या मागं सरकवायला लागला तर मायनं विचारलं, “काय आनलं रे बावा?” तो काही बोललाच नाही. मायनं हात लांब करून पिशवी ओढली, आत हिरवं पातळ होतं, कोरं, घडी न मोडलेलं. माहेरचं. सवाष्ण गेली की माहेरून आणतात ते. मायनं ते हातात धरलं, काठ बघितला, परत ठेवलं, आणि मामाला म्हणाली, “जेवला काय तू?” ती नंतर अकरा वर्षं जगली. ते पातळ तिनं एकदाही नेसलं नाही, फेकलंही नाही, पेटीत तळाशी होतं.

म्हणून तुमच्या जावेनं कोणाला सांगू नका म्हटलं ते मला पूर्ण समजतं, तो तिचा हक्क आहे, बाईच्या दुखण्याचं नाव गावानं का जाणावं? केटनंही दोन महिने सांगितलं नाही, आणि ती दवाखान्यात असताना तिथल्या कोणीतरी तिची फाइल उघडून बघायचा प्रयत्न केल्याची बातमी आली, चौकशी लागली. तुमच्याकडं दवाखान्यातून किंवा लॅबमधून कोणी बोललं असेल तर तेही लेखी तक्रार करण्यासारखं आहे, घाबरू नका.

पण दुखण्याचं नाव न सांगणं वेगळं आणि काहीच न सांगणं वेगळं. राजवाड्याचं जे चुकलं ते तुम्ही करू नका, म्हणजे कोरी जागा लांबवू नका आणि खोटंही काही सांगू नका. ‘मावशीकडं गेली’ असं एकदा सांगितलं आणि ते उघडं पडलं की मग खरं सांगितलेलंही कोणी ऐकणार नाही, त्या फोटोचं तेच झालं. फोटो टाकायचा दबाव आला तरी टाकू नका, सलाइन लावलेल्या बाईचा फोटो ग्रुपवर कशाला? फोटोनं तोंडं बंद होत नाहीत, वर लिहिलंच आहे मी, बाकावर बसून बोलली तरी लोक नाही म्हणाले.

आधी जावेला विचारा, किती सांगू. ती म्हणेल तेवढंच. मग गावातली दोन माणसं धरा, ज्यांचं गाव ऐकतं. तुमच्याकडं आशाताई असेल, शाळेच्या मॅडम असतील, किंवा एखादी म्हातारी जिच्या ओसरीवर सगळ्या बाया बसतात. त्यांना घरी बोलवून, चहा ठेवून, तोंडी सांगा. अशी गोष्ट तोंडी गेलेली बरी, सांगणाऱ्याचं तोंड माहीत असतं. मॅडमना पोरीचं वेगळं सांगा, वर्गात कोण काय बोललं ते त्यांना कळायला पाहिजे, आणि पोरीला खरं काय आहे ते तिच्या वयाला झेपेल एवढं घरातच सांगा, दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी. पळून गेली म्हणणाऱ्याला मात्र तुमच्या दिरानं चारचौघांत एकदा, आवाज न चढवता विचारायचं, “हे तुले कोनं सांगतलं?” आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. नाव सांगितलं की त्या नावाकडं जायचं. दोन-तीन दारांनंतर कोणीतरी म्हणेलच की मी असं म्हटलंच नाही.

याला हलकं समजू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारे आले या फोनवरच्या अफवेनं पाच माणसं जमावानं मारली, भिक्षा मागून पोट भरणारी, सोलापूरकडची. एड्स, जमीन, पळून गेली, हे शब्द गावात वाढू दिले तर तुमच्या घराला आणि त्या पोरीला त्रास होईल, धमकी किंवा घाणेरडे मेसेज आले तर स्क्रीनशॉट ठेवून पोलीस स्टेशनला जा.

आणि ग्रुपवर टाकायला मजकूर मागितला होता तुम्ही, हा घ्या, जावेला वाचून दाखवा आणि तिला नको असेल ती ओळ काढा :

‘आमच्या घरच्या सूनबाई नागपूरला दवाखान्यात भरती आहेत. उपचार सुरू आहेत. अजून काही दिवस तिथंच राहतील. काही विचारायचं असेल तर कृपया घरी येऊन मला विचारा, मुलीला विचारू नका. परत आल्या की सगळ्यांना भेटतील.’

खाली तुमचं स्वतःचं नाव लिहा.